वजनकाट्यावरचा अभ्यास

प्रवेशपरीक्षा पहिल्यांदा द्यायची असते, तेव्हा घरात कौतुक असतं. आई देवापुढे साखर ठेवते. शेजारच्या काकू हातावर दही देतात. नंबर लागला नाही तरी 'असू दे, पहिलीच वेळ होती' असं म्हणायला सगळे तयार असतात. दुसऱ्यांदा परीक्षा द्यायची म्हटलं की तेच घर वेगळं वागू लागतं. फॉर्मचे पैसे किती, वर्ष किती वाया जाणार, वय किती झालं... कौतुकाची जागा हिशेब घेतो. त्यातून ही दुसरी खेप नोकरी सांभाळून द्यायची असेल, तर हिशेब आणखी कडक होतो. नोकरी करणाऱ्या माणसाचा वेळ फुकट नसतो, हे घरातल्या लहान पोरालाही कळतं.

दुर्ग स्टेशन सोडून गाडी नागपूरच्या दिशेने निघाली की शिवनाथ नदी ओलांडते आणि थोड्याच वेळात रसमडा येतं. एक्स्प्रेस गाडीच्या खिडकीत बसलेल्या माणसाला हे स्टेशन दिसतं न दिसतं तोच मागे पडतं. दिसतात त्या चिमण्या आणि धूर. इथल्या औद्योगिक वसाहतीत स्पंज आयर्नचे कारखाने आहेत. झाडांची पानं, अंगणातली तुळस, दोरीवरचे कपडे, सगळ्यांवर काळपट थर बसतो. रसमड्यात पांढरा शर्ट घालणाऱ्याला लोक हसतात.

यातल्याच एका कारखान्याच्या वजनकाट्यावर ती बसते. वय वर्षं वीस. आजोबा भंडारा जिल्ह्यातून इकडे आले ते भिलाईचं बांधकाम चालू असताना. भारत आणि सोव्हिएत संघाचा करार १९५५चा आणि पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ला झालं. या मधल्या वर्षांत विदर्भातली कितीतरी माणसं टिकाव-फावडं घेऊन या लाइनीने आली आणि इथलीच झाली. ज्यांना कारखान्यात पक्की नोकरी मिळाली त्यांना क्वार्टर मिळालं, दवाखाना मिळाला, मुलांना शाळा मिळाली. ज्यांना मिळाली नाही ते ठेकेदाराकडे राहिले. तिचे आजोबा दुसऱ्या गटातले. बाबाही. घरात मराठी बोलतात, दारात छत्तीसगढी आणि शाळा हिंदी माध्यमाची. इंग्रजी होती ती फक्त पुस्तकात.

आणि 'क्लॅट' ही परीक्षा असते फक्त इंग्रजीत!

वाचकांपैकी ज्यांच्या घरात या परीक्षेचं नाव अजून पोहोचलं नसेल, त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. देशात राष्ट्रीय विधी विद्यापीठं आहेत. पहिलं बंगळूरचं. छत्तीसगडमध्ये रायपूरला २००३ साली हिदायतुल्ला यांच्या नावाचं विद्यापीठ सुरू झालं. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि औरंगाबाद म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर, अशा तिन्ही ठिकाणी आहेत. पूर्वी प्रत्येक विद्यापीठाची परीक्षा वेगळी, फॉर्म वेगळा, गाव वेगळं. पोरांनी उन्हाळाभर देशभर हिंडायचं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २००८पासून सात विद्यापीठांनी मिळून एकच परीक्षा सुरू केली. आज तिच्यात वीसहून अधिक विद्यापीठं आहेत. बारावीनंतर पाच वर्षांचा अभ्यासक्रम. फॉर्मची फी सर्वसाधारण गटाला चार हजार रुपये.

चार हजार! तिचा पगार साडेनऊ हजार.

तिने पहिल्यांदा ही परीक्षा दिली १ डिसेंबर २०२४ला. गुण मिळाले ३४.७५. एकूण गुण १२०. पहिल्या यादीत नाव नाही, शेवटच्या यादीतही नाही. तुमसरची आत्या त्याच सुमारास घरी आली होती. तिच्या पिशवीत तांदळाची पिठी होती आणि बरोबर एक स्थळही होतं. मुलगा रेल्वेत ठेकेदाराकडे सुपरवायझर, घरची पाच एकर धानाची शेती. सहा महिन्यांनी आत्या पुन्हा आली तेव्हा दुसऱ्या खेपेच्या फॉर्मची गोष्ट निघाली.

"काऊन वं, एकदा नापास झाली ना? आता परत कायले पैसे घालतेस?"

"आत्या, नापास नाही झाले. नंबर नाही लागला."

"दोन्ही सारखंच."

तसं ते सारखं नाही. प्रवेशपरीक्षेत नापास कोणी होत नाही, फक्त रांगेत मागे उभं राहावं लागतं. पण हा फरक ज्याला समजावायचा त्याने ऐकायला हवं. आई मधे पडली नाही. बाबा खाटेवर बसून डाव्या हाताकडे पाहत होते. त्यांची ती सवयच झाली आहे.

त्या डाव्या हाताची दोन बोटं फेब्रुवारी २०२४मध्ये प्रेसखाली गेली. भिलाईतली लहानशी वर्कशॉप, सात-आठ माणसं कामाला. पत्र्याला आकार देणारं यंत्र, त्याची जाळी काढून ठेवलेली, कारण जाळी लावली की काम हळू होतं. अशा जागी होतं ते झालं. मालकाने दवाखान्याचं बिल भरलं, वर पंधरा हजार रुपये दिले आणि एका कागदावर सही घेतली. कागदावर काय लिहिलंय हे बाबांनी विचारलं नाही. विचारायच्या स्थितीत ते नव्हते. पुढे कामावर गेले तर उत्तर मिळालं, 'तुमचं नाव तर रजिस्टरमध्येच नाही.' आता ते एका गोदामावर रात्रीची राखण करतात.

ती तेव्हा दुर्गच्या कॉलेजात बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला होती. जूनमध्ये तिने कॉलेज सोडलं, पुढची वर्षं प्राइव्हेट देण्यासाठी फॉर्म भरला आणि काट्यावर नोकरी धरली. वकील व्हायचं हे तिच्या मनात कुठल्या सिनेमातून आलं नाही. ते त्या सही केलेल्या कागदातून आलं.

या पट्ट्यात ठेक्यावरच्या कामगारांचं दुखणं नवं नाही. त्यांना संघटित करणारे शंकर गुहा नियोगी यांना २८ सप्टेंबर १९९१च्या पहाटे भिलाईत झोपेतच गोळी घातली गेली. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत चालला. २००५ साली गोळी झाडणाऱ्याला जन्मठेप झाली, उद्योगपती निर्दोष सुटले. इथल्या वस्त्यांमध्ये म्हाताऱ्या माणसांना हे सगळं तारीखवार पाठ आहे. न्यायालय म्हणजे काय हे इथल्या पोरांना नागरिकशास्त्राच्या पुस्तकातून शिकावं लागत नाही.

आता ३४.७५ या आकड्याकडे येऊ. कारण दुसऱ्यांदा परीक्षा देणारे बहुतेक जण इथेच चुकतात. ते तोच अभ्यास पुन्हा करतात, फक्त जास्त करतात. तिने आधी घरी आणलेली प्रश्नपत्रिका समोर घेतली आणि उत्तरं पडताळली. एकूण ११६ प्रश्न सोडवले होते. बरोबर ५१, चूक ६५. चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात. म्हणजे ५१ वजा सव्वासोळा. कोणीही म्हणेल, फार चुका केल्या, कमी प्रश्न सोडवायला हवे होते. दुर्गच्या एका क्लासवाल्यानेही तिला हेच सांगितलं.

पण काट्यावर बसणाऱ्या मुलीला नुसत्या एकूण वजनावर समाधान नसतं. भरलेल्या ट्रकचं वजन घ्यायचं, मग रिकाम्याचं, तेव्हा मालाचं कळतं. तिने प्रश्नांचे दोन ढीग केले. उतारा वाचून सोडवलेले ७१ आणि शेवटच्या काही मिनिटांत, उतारा न वाचताच गोळे काळे केलेले ४५. दुसऱ्या ढिगात नऊ बरोबर आले होते, छत्तीस चूक. नऊ वजा छत्तीसचे पाव भाग नऊ. शून्य! त्या पंचेचाळीस प्रश्नांनी तिचं काही नेलंही नव्हतं आणि काही दिलंही नव्हतं. ते प्रश्न तिने जणू पाहिलेच नव्हते. चार पर्यायांत डोळे मिटून बोट ठेवलं की सरासरीने अगदी थोडा फायदाच होतो, तिच्या वाट्याला तोही आला नव्हता. नुकसान चुकांनी केलं नव्हतं. नुकसान केलं होतं वाचण्याच्या वेगाने.

हे कळायला तिला एक संध्याकाळ लागली आणि या संध्याकाळीने तिचं वर्ष वाचवलं, असं म्हणायला हरकत नाही.

२०२०पासून ही परीक्षा पाठांतराची राहिली नाही. इंग्रजी, चालू घडामोडी, कायदा, तर्क आणि थोडं गणित असे पाच भाग, आणि सगळीकडे उतारे. एकेक उतारा साडेचारशे शब्दांपर्यंतचा. आधी दोनशे प्रश्न असत, मग दीडशे झाले, आता १२०. वेळ दोन तास. कायद्याच्या भागातही कायदा पाठ असण्याची अपेक्षा नसते. नियम उताऱ्यात दिलेला असतो, तो समोरच्या प्रसंगाला लावायचा असतो. म्हणजे जे हिंदी माध्यमातल्या मुलांना जड जातं, नेमकं तेच मध्यभागी. परीक्षा प्रादेशिक भाषांतूनही व्हावी म्हणून २०२३ साली दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली. पण तिच्यासमोर आली ती प्रश्नपत्रिका इंग्रजीतच होती. इंग्रजी न येणाऱ्याने वकील होऊ नये, असं देशातल्या कुठल्याही जिल्हा न्यायालयात जाऊन म्हणून पाहावं. दुर्गच्या कोर्टात दिवसभर हिंदी चालतं. असो.

हिशेब सरळ होता. साधारण चोवीस-पंचवीस उतारे, एकशेवीस मिनिटं. एका उताऱ्याला पाच मिनिटं, त्यातच त्याचे प्रश्न. तिला लागत होती आठ ते नऊ.

क्लास लावायचा तर त्याची फी तिच्या वर्षभराच्या पगाराला गिळणारी. तिने क्लास लावला नाही. जुन्या प्रश्नपत्रिका आणि नमुना संच परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. ते तिने दुर्गला स्टेशनसमोर छापून घेतले. काट्याच्या केबिनमध्ये मोबाइल वापरायला बंदी आहे, कागदाला नाही. मॅनेजरसाहेबांच्या ऑफिसात इंग्रजी पेपर येतो. तो दुसऱ्या दिवशी रद्दीत जायच्या आधी ती मागून घ्यायची. अग्रलेख एक दिवस शिळा असला तरी इंग्रजी शिळं होत नाही.

आणि मग काटाच तिचं घड्याळ झाला. कोळशाचा ट्रक येतो, काट्यावर चढतो, ड्रायव्हर खाली उतरतो, नंबर टाइप करायचा, वजन पकडायचं, पावती. ट्रक आत जातो. पुढचा येईपर्यंत कधी चार मिनिटं, कधी सात. एक उतारा, त्याचे प्रश्न. ट्रकचा हॉर्न वाजला की पेन्सिल खाली. पूर्ण झाला तर बरोबरची खूण, राहिला तर किती ओळी राहिल्या ते समासात. पावसाळ्यात ट्रक कमी येतात, तेव्हा उतारे जास्त. दिवाळीच्या आधी रांग लागते, तेव्हा दिवसात दोनसुद्धा होत नाहीत. पंजाबचा एक म्हातारा ड्रायव्हर तिला विचारायचा, "बेटी, आज कितने टन पढ़ाई हुई?"

हे सगळं गोड वाटतं ऐकायला. पण ऑगस्टमध्ये एकदा उताऱ्याच्या नादात तिने गाडीचा नंबर चुकीचा टाइप केला. पावती एका गाडीची, माल दुसऱ्या गाडीत. बाहेर पडताना गेटवर ट्रक अडला, दोन तास उभा राहिला, मागे रांग लागली. सुपरवायझरने सगळ्यांसमोर सुनावलं, "वकिली करायची तर घरी बसून करा." नोकरी गेली असती तर फॉर्मही गेला असता आणि घरचं भाडंही. त्या दिवसापासून तिने नियम केला. गाडी काट्यावर असताना कागद उलटा, पावती हातात पडेपर्यंत उलटाच. अभ्यास थोडा कमी झाला. नोकरी करून परीक्षा देणाऱ्याला ही तडजोड दर आठवड्याला करावी लागते आणि दर वेळी ती अभ्यासाच्याच वाट्याला येते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं उदाहरण आपल्याकडे फार ढोबळपणे सांगितलं जातं, 'अठरा तास अभ्यास' एवढंच. त्यांच्या चरित्रातली मधली वर्षं मात्र पाहण्यासारखी आहेत. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली त्यांना लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परत यावं लागलं. १९१८पासून ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते. पगारातून पैसा मागे टाकला, छत्रपती शाहू महाराजांची आणि नवल भथेना या मित्राची मदत घेतली आणि १९२० साली पुन्हा लंडन गाठलं. १९२२ साली बॅरिस्टर झाले. नोकरी हा त्या अभ्यासातला खंड नव्हता, त्याचा खर्च होता. रसमड्याच्या त्या घरात बाबासाहेबांची तसबीर आहे. तिच्यापाशी आई फॉर्मचे चार हजार ठेवायची, दर महिन्याला पाचशेप्रमाणे. आत्याला हे माहीत नव्हतं.

वयाची भीतीही होती. कोणीतरी सांगितलं, वीस पूर्ण झाली की पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला बसता येत नाही. ही बातमी अर्धी खरी होती. बार कौन्सिलच्या २००८च्या नियमांत वीस वर्षांची मर्यादा होती. ती मधे काढली, २०१६मध्ये पुन्हा आणली, पण २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. आज क्लॅटला वयाची वरची अट नाही आणि किती वेळा द्यावी यालाही बंधन नाही. अमेरिकेत 'एलसॅट' ही अशीच परीक्षा आहे. तिथे आयुष्यात सात वेळाच बसता येतं. आपल्याकडे बंधन घालायचं काम आत्या करते.

सप्टेंबरमध्ये ती दुर्गच्या एका वकीलबाईंकडे गेली. घरच्या ओळखीच्या, मूळच्या गोंदियाच्या, केस पांढरे झालेल्या. तिला विचारायचं होतं की क्लॅट सोडून द्यावी का. बी.कॉम. २०२६मध्ये होईल, मग तीन वर्षांचं एलएल.बी. करता येईल.

"करता येईल ना," बाई म्हणाल्या, "मी तसंच केलं. माझ्या वेळेला परीक्षा नव्हती न काही नव्हतं. सकाळी कॉलेज, दुपारी बँकेत नोकरी. पण आता हजेरी सत्तर टक्के लागते. नोकरीत असशील तर तेही लिहून द्यावं लागतं. काटा न कॉलेज दोन्ही जमणार नाही तुला."

"मग काकू, क्लॅटच देऊ?"

"दे ना. पण रायपूरचं विद्यापीठ मिळालं तरी तिथली फी वर्षाला दोन लाखांच्या पुढे जाते, हे ध्यानात ठेव. कर्ज मिळतं. तरी बापाशी बोलून घे."

मग बाईंनी विचारलं, "बापाच्या हाताचं काय केलं?"

तिने कागदाचं सांगितलं. बाई हसल्या. म्हणाल्या, "ये इकडे," आणि कपाटातून एक बारीक, पिवळी पडलेली पुस्तिका काढून दिली. १९२३चा भरपाईचा कायदा. "कलम सतरा वाच."

ती पुस्तिका काट्याच्या केबिनमध्ये चार दिवस होती. क्लॅटच्या उताऱ्यांनी एक सवय लावली होती. नियम वाचायचा, तो प्रसंगाला लावायचा, आपलं मत मधे आणायचं नाही. कलम सतरा सांगत होतं की कामगाराने आपला भरपाईचा हक्क सोडून दिल्याचा करार केला असेल, तर त्या बाबतीत तो करार रद्दबातल. म्हणजे तो सही केलेला कागद निव्वळ कागद होता. दीड वर्ष ज्याची घरात भीती होती तो कागद! पुढे परिशिष्ट होतं. एका हाताची दोन बोटं गेली तर कमावण्याची क्षमता वीस टक्क्यांनी घटली असं धरायचं. त्यापुढे वयाचा तक्ता. पन्नाशीला १५३.०९.

गणिताचे प्रश्न क्लॅटमध्ये दहा ते चौदा असतात आणि तिला टक्केवारीची भीती होती. त्या दुपारी तिने वजनपावतीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मांडलं. बाबांचा पगार महिना बारा हजार. त्याचे साठ टक्के, बहात्तरशे. गुणिले १५३.०९. त्याचे वीस टक्के. उत्तर आलं दोन लाख वीस हजार चारशे एकोणपन्नास रुपये साठ पैसे. तिने ते तीनदा केलं. दर वेळी तेवढंच आलं. बाहेर ट्रक हॉर्न देत होता.

घरी ती आकडा बोलली नाही. नुसतं म्हणाली, "बाबा, त्या कागदाने काही होत नाही. कायद्यात तसं लिहिलंय."

बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मालकाकडे अजून तीन पोरं आहेत आपल्या गल्लीतली. त्यांचं काम जाईल."

हे उत्तर कुठल्या पुस्तिकेत नव्हतं. दोघंही त्यावर पुढे काही बोलले नाहीत. अर्जाला अपघातापासून दोन वर्षांची मुदत होती, म्हणजे फेब्रुवारी २०२६पर्यंत. 'परीक्षा झाल्यावर पाहू,' असं आईने ठरवलं आणि दिवा मालवला.

परीक्षेला दोन आठवडे राहिले असताना आणखी एक गंमत झाली. २१ नोव्हेंबर २०२५ला केंद्र सरकारने चारही कामगार संहिता लागू केल्या. १९२३चा तो कायदाही सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला. तिने एवढ्या मेहनतीने वाचलेली कलमं एका दिवसात जुनी झाली! वकीलबाईंनी फोनवर सांगितलं, "अपघात जुन्या कायद्याच्या वेळचा आहे, तू घाबरू नको. पण मुदत जाऊ देऊ नको." आणि पुढे, "चालू घडामोडीत विचारतील बघ." तिने चारही संहितांची नावं तळहातावर लिहून पाठ केली. त्या दिवशी काट्यावर एकही उतारा झाला नाही.

७ डिसेंबर २०२५, रविवार. परीक्षा दुपारी दोन ते चार, केंद्र रायपूरला. सकाळच्या लोकलने बाबा बरोबर आले, रात्रीची पाळी करून, न झोपता. केंद्राबाहेर इतर मुलांचे आईवडील मोटारींजवळ उभे होते. बाबा फुटपाथवर वर्तमानपत्र टाकून तिथेच झोपले. सुटल्यावर तिने त्यांना उठवलं तेव्हा त्यांनी पेपर कसा गेला ते विचारलं नाही. "भूक लागली असंल," एवढंच म्हणाले.

गुण आले ६५.७५. प्रश्न सोडवले ९७, बरोबर ७२, चूक २५. जे सोडवले ते सगळे वाचून सोडवले. तेवीस कोरे राहिले, त्यांचे उतारे गाठता आले नाहीत. म्हणजे वेग वाढला, पण पुरेसा नाही. मागच्या वर्षीपेक्षा एकतीस गुण अधिक आणि तरीही रायपूरच्या यादीसाठी कमीच. दूरच्या राज्यातल्या एखाद्या नव्या विद्यापीठात शेवटच्या फेरीत कदाचित लागलं असतं. पण त्या फेऱ्यांत उतरायचं तर नावनोंदणीलाच वीस-तीस हजार भरावे लागतात. जागा नाही मिळाली तर बहुतांशी परत मिळतात, पण आधी हातात हवेत. त्यांच्याकडे एकोणीस हजार होते.

त्या रात्री घरात जे बोलणं झालं ते आत्या आली तेव्हासारखं नव्हतं. आई म्हणाली, माझ्या कानातलं आहे. ती नको म्हणाली. भाऊ दहावीला आहे, त्याने विचारलं, ताई तू तिसऱ्यांदा देशील का. तिने उत्तर दिलं नाही. बाबांनी त्यांच्या ट्रंकेतून दवाखान्याचे कागद काढले. डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, मालकाने भरलेल्या बिलाची कार्बन कॉपी. सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत, नीट घडी घातलेलं, बहुधा दीड वर्ष तसंच ठेवलेलं. ती पिशवी तिच्यापुढे सरकवून ते म्हणाले, "त्या तीन पोरांशी बोललो मी. ते म्हणतात, कर अर्ज. जाळी तरी लावतील मग."

नावनोंदणीची तारीख त्यांनी जाऊ दिली.

जानेवारीत ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून वकीलबाईंबरोबर दुर्गला गेली. अर्ज बाईंनी तपासला, पण मसुदा तिचा होता, हिंदीत, पाच पानं. पगार, वय, टक्के, तक्त्यातला आकडा, शेवटी मागणी. खिडकीवरच्या बाबूने पानं उलटली, गणितापाशी थांबला, चष्मा वर करून पुन्हा पाहिलं आणि विचारलं, "ये कैलकुलेशन किसने किया?" बाईंनी तिच्याकडे बोट दाखवलं. बाबूने शिक्का मारला. पोच घेऊन ती बाहेर आली, तेव्हा बाबा जिन्याखाली चहा घेत होते. तिला दीडच्या आत काट्यावर पोहोचायचं होतं. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाचा परीक्षेचा फॉर्म अजून पिशवीतच होता, त्यावर फोटो चिकटवायचा राहिला होता. तिने तो चहाच्या टपरीवरच चिकटवला.